आजोबांची चाळीतली खोली

कोरडवाहू रानावर पोट भरेना झाले, की आपल्याकडचा माणूस गिरणीची वाट धरी. सोनारीच्या भैरवनाथाचा अंगारा कपाळी लावायचा, पत्र्याची ट्रंक उचलायची आणि निघायचे. जवळ सोलापूर, तिथली पहिली कापडगिरणी 1877 सालची. लांब मुंबई. तिथे तो राहिला कसा, हे मात्र घरच्यांनी फारसे विचारले नाही.

जुने अवशेष म्हटले की आपल्याला परांड्याचा किल्ला आठवतो. पण कामगाराची खोलीही इतिहास सांगते. इंग्लंडात मँचेस्टरला एंजल मेडो या जुन्या वस्तीत या शतकात उत्खनन झाले, तेव्हा कामगारांच्या तळघरांतल्या भिंती आणि फरश्या वर आल्या. किती अंधारात माणसे संसार करीत होती, हे त्या विटांनी सांगितले.

आपल्याकडे अजून खणायची गरज नाही. 1920 नंतर मुंबई विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे 207 चाळी उठवल्या. त्याच या बीडीडी चाळी. खोली सुमारे 160 चौरस फूट. दोन बैलगाड्या शेजारी लावल्या की भरली! संडास मजल्यावर सामाईक. गिरणगावात अशा एकेका खोलीत गावाकडची आठ-दहा माणसे पाळीपाळीने झोपत आणि खाणावळवाल्या बाईंकडे जेवत.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि पुष्कळांची नोकरी कायमची गेली. आता चाळीही पाडल्या जात आहेत. वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आनंदच आहे; त्या कोंडवाड्यात कुणी का राहावे? पण भिंत पडली की तिच्यावरच्या खुंट्या, चुन्याचे थर आणि स्टोव्हच्या धुराचा डाग, सारे ढिगाऱ्यात जाते. किती जण राहत, कुठे रांधत, हे मग कोण सांगणार?

ते सांगणारी माणसे अजून आपल्या ओसरीवर आहेत. आज जेवणे झाल्यावर आजोबांपुढे वहीचा कोरा कागद ठेवा. दार कुठे, मोरी कुठे, कोणाची वळकटी कुठे, ते त्यांच्याकडून काढून घ्या. आजीलाही विचारा, मनिऑर्डर उशिरा आली तर घर कशावर चालायचे? ट्रंकेतले गिरणीचे ओळखपत्र भंगारात घालू नका. कागदावर वर्ष आणि नाव लिहून तो सातबाऱ्याशेजारी ठेवा. जमिनीइतकाच तोही घराण्याचा दाखला आहे.