विश्लेषण : बीडमध्ये पहिली बंदूक… पंप अ‍ॅक्शन की दुनळी, आणि मुळात कशासाठी?

केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. त्यानंतर बीडमधील शस्त्र परवान्यांचा विषय राज्यभर गाजला. जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचे समोर आले, सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी हा प्रश्न लावून धरला. परळीत हवेत गोळीबार केल्याची चित्रफीत पसरल्यावर गुन्हा दाखल झाला. प्रशासनाने परवान्यांची छाननी सुरू केली आणि २०२५ मध्ये शंभरहून अधिक परवाने रद्द झाले. याच जिल्ह्यात शेतवस्तीवर एकट्याने राहणारी, खरोखरच धास्तावलेली कुटुंबेही आहेत. त्यांच्यापैकी कुणी पहिली बंदूक घ्यायची ठरवली तर तिची निवड कशी होते?

निवड दुकानात होते की कायद्यात?

बहुतांशी कायद्यात. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार नागरिकाला संरक्षणासाठी किंवा खेळासाठी आतून गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. मात्र तिची नळी किमान २० इंचांची हवी. त्याहून आखूड नळीची बंदूक थेट प्रतिबंधित गटात जाते. घोडा दाबला की आपोआप पुढचे काडतूस चढवणारी अर्धस्वयंचलित बंदूकही त्याच गटात मोडते. परदेशी चित्रफितींमध्ये घराच्या रक्षणासाठी म्हणून मिरवल्या जाणाऱ्या आखूड नळीच्या बंदुका बघून कुणी दुकानात गेला, तर तो रिकाम्या हाताने परतेल.

पंप अ‍ॅक्शन बंदूक मात्र चालते, कारण तिच्यात प्रत्येक वेळी हाताने काडतूस चढवावे लागते. नळीखालची मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि पुढे ढकलली की नवे नळीत जाते. अशा बारा बोअरच्या पंप अ‍ॅक्शन बंदुका देशातील आयुध निर्माणीनेही बनवल्या आहेत. दुनळीत दोनच काडतुसे बसतात. पंप अ‍ॅक्शनमध्ये नळीखालच्या नळकांड्यात त्याहून अधिक मावतात, आणि तिच्या आकर्षणाचे खरे कारण हेच.

‘बारा बोअर’ म्हणजे बारा मिलिमीटर नव्हे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोअरची. तिचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. म्हणूनच सोळा बोअर ऐकायला मोठी वाटली तरी नळी बाराहून लहान असते.

पहिल्यांदा घेणाऱ्याने कोणती घ्यावी?

नवशिक्यासाठी दुनळीच बरी. ती मधून मोडली की दोन्ही कोठ्या डोळ्यांसमोर उघड्या पडतात. भरलेली आहे की रिकामी, हे घरातल्या शहाण्या पोरालाही कळते. पंप अ‍ॅक्शनचे तसे नाही. नळीतले काडतूस काढून टाकले तरी खालच्या नळकांड्यात आणखी असू शकतात, आणि ‘रिकामी आहे’ असे समजून हाताळलेल्या बंदुकीनेच घात होतो. दुसरी अडचण सवयीची. घाबरलेला माणूस मूठ अर्धवटच मागे ओढतो आणि काडतूस अडकते. हे टाळायचे तर सराव हवा. सरावाला काडतुसे लागतात आणि ती परवान्यावर नोंदलेल्या मर्यादेतच मिळतात.

पंप अ‍ॅक्शनच घ्यायची असेल तर आधी खांद्याला लावून पाहावी. दस्ता लांब असेल तर गाल नीट टेकत नाही आणि धक्का खांद्याऐवजी दंडावर बसतो. बंदूक हलकी म्हणून घेतली तर धक्का जास्त बसतो, हेही ध्यानात ठेवावे. बंदुकीवर चाचणीचा शिक्का आहे का, कोठी किती लांबीच्या काडतुसाची आहे, हे पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. ६५ मिलिमीटरच्या जुन्या कोठीत ७० मिलिमीटरचे काडतूस अनेकदा सहज आत जाते, पण उडवल्यावर त्याचे तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. आजोबांची बंदूक वारसाने आली असेल तर ही तपासणी आणखी गरजेची. ‘शक्तिमान’ ही बारा बोअरची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनतात. डब्यावर लांबी आणि छऱ्याचा क्रमांक छापलेला असतो.

आणखी एक गैरसमज म्हणजे छऱ्यांची बंदूक नेम न धरताही लागते. घरातल्या खोलीच्या अंतरावर छर्रे जेमतेम मुठीएवढ्या जागेत राहतात. नेम चुकला तर ते पत्र्याची भिंत सहज भेदतात, आणि बीडच्या वस्त्यांवर पत्र्याच्या पलीकडे बहुधा आपलीच माणसे झोपलेली असतात.

शिकारीसाठी परवाना मिळतो का?

नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये आला, तेव्हा शिकारीचे परवाने देण्याची सोय त्यात होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. बालाघाटच्या डोंगररांगांतला ससा असो, तितर असो की पाटोद्याच्या नायगाव अभयारण्यातला मोर, बंदूक रोखली की गुन्हा.

रानडुकरे आणि रोही पिकात घुसतात, रात्रीत तूर-भुईमूग उलथतात, हे दुःख खरे आहे. पण त्यासाठीही बंदुकीचा परवाना पुरत नाही, वन विभागाची स्वतंत्र लेखी परवानगी लागते. कायद्याने पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद ठेवली आहे. ती राखणीची बंदूक आहे, शिकारीची नव्हे.

बिबट्याचे काय? २०२० च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, सुरडी-किन्ही परिसरात लोक शेतात जाईनासे झाले. गावोगावी ‘आम्हालाच बंदुका द्या’ अशी भाषा होणे स्वाभाविक होते. अखेर वन विभागाने नरभक्षक बिबट्याला ठार करण्याचा आदेश काढला आणि त्याच आदेशाखाली अकलूजचे धवलसिंह मोहिते-पाटील यांनी १८ डिसेंबर २०२० रोजी करमाळा तालुक्यात बिबट्या टिपला. अंगावर आलेल्या जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना ते मेले तर तो गुन्हा ठरत नाही. बिबट्याच्या मागावर बंदूक घेऊन निघणे मात्र त्यात बसत नाही.

घराच्या रक्षणाचे कारण किती टिकते?

परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी देतात आणि त्याआधी पोलिसांचा अहवाल येतो. वय किमान २१ हवे. धोका कोणाकडून, आधी तक्रार दिली का, अंगावर गुन्हे आहेत का, शस्त्र कुठे कुलूपबंद ठेवणार, हे सारे विचारले जाते. ‘प्रतिष्ठेसाठी’ असा रकाना अर्जात नाही. बीडमध्ये मात्र कंबरेला पिस्तूल दिसावे म्हणूनच अनेकांनी खटपट केली, हे उघड गुपित आहे. अर्ज नाकारला तर कारणे लेखी मागता येतात आणि विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांसाठी मिळतो आणि एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त शस्त्रे ठेवता येत नाहीत. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

गोळी कधी झाडता येते, हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत पाहावे लागते. दरोडा, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, घराला लावलेली आग अशा प्रसंगी स्वसंरक्षणाचा हक्क समोरच्याचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. चोर पळू लागला आणि पाठीत छर्रे घातले, तर न्यायालयात मालकच आरोपी होतो.

मस्साजोगच्या प्रकरणात सरपंचांना भररस्त्यात गाडी अडवून पळवून नेले गेले आणि अमानुष मारहाणीत त्यांचा जीव गेला. घरातल्या कपाटात कुलूपबंद ठेवलेली लांब नळीची बंदूक अशा हल्ल्यात कामाची नसते. ती कामी येते दूरच्या वस्तीवर, रात्री दार फोडले जाताना, घरात सराव असलेला माणूस असेल तर. ऊसतोडीला कुटुंब सहा महिने कोल्हापूर-सांगलीकडे जाते, तेव्हा बंद घरात बंदूक ठेवणे म्हणजे चोराच्याच हाती ती देणे. जाण्याआधी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवलेली बरी.

निवडणुकीत बंदूक कुठे असते?

बहुतेक वेळा पोलीस ठाण्यात. आचारसंहिता लागली की छाननी समिती परवाने तपासते आणि ज्यांच्याकडून शस्त्र जमा करून घ्यायचे ठरते त्यांना नोटीस जाते. गावात तणाव सर्वाधिक असतो त्याच दिवसांत घराच्या रक्षणासाठी घेतलेली बंदूक घरी नसते, हे अर्ज करण्याआधीच धरून चालावे. जमा करताना मिळणारी पावती परवान्याच्या पुस्तिकेतच ठेवावी. निकालानंतर शस्त्र परत घेताना आधी तीच मागतात.