गंजलेला नट

जुन्या मोटारीचा गंजलेला नट पान्याला दाद देत नाही, हे तुम्ही पाहिले असेल. लोखंडाचा गंज झाला, की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. आट्यांमधली फट गच्च भरते. पान्याला लांब नळी लावून जोर केला, तर बोल्टच तुटायचा!

जाणता मेकॅनिक आधी पातळ तेल सोडतो, हलके ठोके देतो आणि रात्रभर थांबतो. केशाकर्षणाने तेल आत झिरपते. तरीही नट हलला नाही, तर तेल पुसून तो फक्त नट तापवतो. (पेट्रोलची टाकी जवळ असते, तुम्ही हे करू नका.) तापल्यावर नटाचे भोक आकुंचन पावेल, असे वाटते ना? उलट ते मोठे होते! तापमान २०० अंश सेल्सिअसने वाढले, तर १० मिलिमीटरचे भोक सुमारे ०.०२४ मिलिमीटरने रुंदावते. बोल्ट त्या मानाने थंड असतो. एवढ्याने गंजाचा थर तडकतो.