सर्व्हरचे आयुष्य आणि आपली बेफिकिरी

भिवंडीत साधा माग चाळीस-चाळीस वर्षे चालतो. धोटा झिजला, पिकर तुटला, गिअरचे दात गेले, तर शेजारच्या गल्लीतला लेथवाला संध्याकाळपर्यंत नवा भाग करून देतो. माग बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला असतो, पण माग चालूच असतो. आम्ही कापडवाले याच दुनियेत लहानाचे मोठे झालो. त्यामुळे यंत्र म्हटले की ते दुरुस्त होणारच, अशी आमची पक्की समजूत आहे. हीच समजूत आम्ही पेढीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या सर्व्हरलाही लावतो आणि तिथे फसतो.

सर्व्हर म्हणजे काय हे आता बहुतेक व्यापारी बांधवांना माहीत आहे. दुकान, गोदाम आणि फोल्डिंग खात्यातले सगळे संगणक ज्या एका मोठ्या संगणकाला जोडलेले असतात तो. त्यात टॅली असते, स्टॉक असतो, कोणाचा किती माल प्रोसेसला गेला आहे आणि कोणाकडे किती उधारी आहे, ते सारे असते. पूर्वी हे सर्व लाल कापडाच्या वह्यांत आणि मुनीमजींच्या डोक्यात असे. वही भिजली तरी मुनीमजी शाबूत असत.

आमच्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. २०२० आणि २०२१ हे ईदचे दोन हंगाम टाळेबंदीत वाया गेले होते. एप्रिल २०२२ मध्ये बाजार प्रथमच मोकळा झाला. गिऱ्हाईक दारात उभे आणि माल भरलेला. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी संगणक सुरू केले, तर एकाही पडद्यावर खाते उघडेना. देखभालीचा करार ज्यांच्याशी होता त्यांचा मुलगा आला, दोन तास खटपट केली आणि म्हणाला, "शेठ, डिस्क तिन्ही चांगल्या आहेत. त्यांना जोडणारे कार्ड गेले."

मला हायसे वाटले. कार्ड म्हणजे किती मोठी वस्तू! नवे आणा आणि बसवा, असे सांगून मी गादीवर जाऊन बसलो. पण तीन डिस्कवरची माहिती तुकड्यातुकड्यांनी वाटून लिहिलेली असते आणि त्या तुकड्यांचा मेळ घालण्याची रीत त्या जातीच्या कार्डालाच ठाऊक असते. दुसऱ्या जातीचे कार्ड लावले तर त्याला त्या डिस्क कोऱ्या दिसतात. चुकून नव्याने मांडणी केली तर त्या खरोखरच कोऱ्या होण्याचा धोका. कंपनीकडे विचारणा केली. उत्तर आले की या मॉडेलचे सुटे भाग पुरवण्याची मुदत संपली आहे. पैसे कितीही द्या, भागच नाही.

बॅकअप होता का, असे वाचक विचारतील. होता. बाहेरच्या डिस्कवर रोज रात्री आपोआप होत असे. मात्र ती डिस्क पाच आठवड्यांपूर्वीच भरून गेली होती आणि तेव्हापासून रोज रात्री बॅकअप 'अयशस्वी' होत होता. तो संदेश इंग्रजीत पडद्यावर येई आणि सकाळी जो प्रथम येई तो पोरगा ओके दाबून पुसून टाकी. दोष त्याचा नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

सहा दिवस आम्ही हाताने बिले लिहिली. ई-वे बिल सरकारी पोर्टलवर थेट बनवता येते, त्यामुळे माल अडला नाही. अडली ती वसुली. ईदच्या आधी लोक हिशेब चुकता करायला येतात आणि आमच्याकडे बाकी किती हे सांगायला कागद नाही! एका जुन्या गिऱ्हाइकाने त्याच्या वहीप्रमाणे रक्कम मोजून दिली आणि म्हणाला, "चाचा, फरक निघाला तर नंतर बघू." फरक निघाला, चाळीस हजारांचा, आणि त्यावरून दोन महिने आमचे बोलणे बंद होते. सहाव्या दिवशी लॅमिंग्टन रोडवरच्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडे मोडीत काढलेल्या तसल्याच सर्व्हरचे कार्ड मिळाले. त्याने तोंडाला येईल ती किंमत सांगितली आणि आम्ही मुकाट्याने दिली. खाते उघडले.

आता आमची चूक कोठे झाली ते पाहू. तो सर्व्हर आम्ही २०१३ मध्ये घेतला. तीन वर्षांची वॉरंटी होती, ती २०१६ मध्ये संपली. त्यापुढे आम्ही वर्षाचा देखभाल करार, ज्याला सगळे एएमसी म्हणतात, तो करीत राहिलो आणि निश्चिंत झालो. प्रत्यक्षात सर्व्हरच्या बाबतीत तीन वेगवेगळ्या तारखा असतात. पहिली, कंपनी ते मॉडेल विकायचे बंद करते ती. दुसरी, आपल्या यंत्राची वॉरंटी संपते ती. तिसरी, कंपनी त्या मॉडेलचे सुटे भाग आणि दुरुस्ती कायमची बंद करते ती. तिसऱ्या तारखेची मोजणी मॉडेलची विक्री बंद झाल्यापासून होते, आपण कधी विकत घेतले याच्याशी तिचा संबंध नसतो. आम्हाला तो सर्व्हर बराच स्वस्त मिळाला होता. का, तर मॉडेल जाण्याच्या बेतात होते. कापडात आपण डिझाइन जुने झाले की माल सवलतीत काढतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की जुन्या डिझाइनचे कापड अंगावर टिकते तितकेच टिकते, पण जुन्या मॉडेलच्या सर्व्हरचे आयुष्य विकत घेतानाच कमी झालेले असते.

ही तिसरी तारीख गुप्त नसते. यंत्राच्या मागे किंवा बाजूला जो सिरियल नंबर असतो तो कंपनीला कळवला की वॉरंटीची स्थिती कळते, आणि मॉडेलच्या मुदतीबद्दल लेखी विचारले तर लेखी उत्तर मागता येते. मात्र पेटीवरचे नाव पाहून भलत्याच दारी जाऊ नये. आयबीएमचा या वर्गातला सर्व्हरचा धंदा २०१४ मध्ये लेनोव्होकडे गेला. कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीमध्ये विलीन झाली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये खुद्द एचपीचे दोन भाग होऊन सर्व्हर 'हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइज' या वेगळ्या कंपनीकडे आले. पेढ्या वाटण्या करतात तशा याही करतात.

कायद्याने सर्व्हरचे वय किती धरले आहे हे पाहण्यासारखे आहे. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात घसाऱ्यासाठी सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे उपयोगी आयुष्य १५ वर्षे, सर्व्हर आणि नेटवर्कचे ६ वर्षे आणि टेबलावरच्या संगणकाचे ३ वर्षे दिले आहे. आम्ही आमचा सर्व्हर नऊ वर्षे वापरला आणि मित्रांत त्याची बढाई मारीत होतो.

यंत्र ठणठणीत असले तरी त्याच्या आतल्या विंडोजची मुदत वेगळीच चालते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हर २००८ ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली. २०१२ आणि २०१२ आर२ यांची १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. त्यांना वेगळे पैसे भरून सुरक्षेची दुरुस्ती जास्तीत जास्त तीन वर्षे, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय ठेवली गेली. २०१६ ची जाहीर तारीख १२ जानेवारी २०२७, २०१९ ची ९ जानेवारी २०२९ आणि २०२२ ची १४ ऑक्टोबर २०३१ अशी आहे. मुदत संपली म्हणजे दुसऱ्या दिवशी संगणक बंद पडतो असे नाही. तो चालतो आणि म्हणूनच फसगत होते. फक्त त्यात सापडणारी नवी भोके बुजवणारा कोणी उरत नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगभर संगणकांतल्या फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते आणि ज्यांचे विंडोजच मुदतबाह्य होते ते त्यात सापडले.

यंत्राच्या आतही कंपनीचा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. त्याचे महत्त्व मला एका बातमीने पटले. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइजने जाहीर केले की त्यांच्या काही एसएसडी डिस्क ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील आणि त्यातली माहिती परत मिळणार नाही. ३२,७६८ तास म्हणजे तीन वर्षे, २७० दिवस आणि आठ तास. उपाय एकच, त्याआधी नवे फर्मवेअर बसवणे. गंमत पाहा, एकाच दिवशी सुरू केलेल्या दोन डिस्क एकाच दिवशी जातील, मग एकीची नक्कल दुसरीवर ठेवून काय उपयोग? अशी सूचना वेळेवर कळण्यासाठी कोणीतरी कंपनीकडे लक्ष ठेवून असावे लागते. याच कंपनीने २०१४ पासून आपल्या सर्व्हरची बरीचशी फर्मवेअर फक्त वॉरंटी किंवा करार चालू असणाऱ्यांनाच देण्याचे धोरण धरले होते. करार संपलेला ग्राहक बाहेर.

एएमसीविषयी दोन शब्द. करारात 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' लिहिलेले असेल तर भागांसह, 'नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह' असेल तर फक्त मजुरी. इतपत सर्वांना माहीत असते. आमचा करार पहिल्या प्रकारचा होता! पण खाली बारीक अक्षरात 'भाग उपलब्ध असल्यास' असे होते. मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस, इंग्रजी कागदावर सही करताना रक्कम तेवढी वाचतो. आता मी तीन गोष्टी मराठीत लिहून घेतो. डिस्क, कार्ड आणि पॉवर सप्लाय यांचा सुटा नग त्यांच्या दुकानात प्रत्यक्ष ठेवलेला आहे काय? किती तासांत माणूस येणार, आणि सुट्टीच्या दिवशी काय? आणि भाग न मिळाल्यास आमचे काम चालू राहावे म्हणून दुसरा सर्व्हर देणार काय? जो या तिसऱ्या प्रश्नाला हसून टाळतो त्याच्याशी करार करू नये असे माझे मत आहे.

ज्यांच्याकडे जुना सर्व्हर चालू आहे आणि लगेच नवा घेण्याची ताकद नाही, त्यांनी त्याच मॉडेलचा एक मोडीतला सर्व्हर सुट्या भागांसाठी घेऊन ठेवावा. नव्याच्या मानाने तो फार स्वस्त पडतो. मात्र ही वर्ष-दीड वर्षाची सोय आहे, तिचा संसार करू नये. काही बांधव क्लाऊडवर गेले आहेत. तिथे यंत्राच्या वयाची काळजी आपली नसते हे खरे, पण महिन्याचे भाडे कधी थांबत नाही, आणि रस्ता खोदताना इंटरनेटची तार तुटली की दुकान बसते. दुसरी लाइन घेतल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

धोका आता २०२२ पेक्षा मोठा आहे. त्या एप्रिलमध्ये ई-इन्व्हॉइसची मर्यादा २० कोटींच्या उलाढालीची होती, त्यामुळे आम्ही त्यात नव्हतो आणि हाताने लिहिलेले बिल चालून गेले. १ ऑगस्ट २०२३ पासून ती मर्यादा ५ कोटींवर आली. आता नोंदणी क्रमांकाशिवाय दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेले बिल कायद्याने बिलच नाही, आणि समोरच्याचे इनपुट क्रेडिट अडकते. शिवाय जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे सर्व्हर बदलला तरी सहा-सात वर्षांपूर्वीचे खाते उघडता आले पाहिजे. जुन्या टॅलीतला डेटा नव्या आवृत्तीत आणून, एकेक वर्ष उघडून, ताळेबंद छापील प्रतीशी ताडून पाहावा. हे काम आमच्या मुनीमजींनी तीन आठवडे केले, आणि एका वर्षाचा सुरुवातीचा स्टॉक चुकीचा आलेला त्यांनीच पकडला. संगणकवाल्याच्या ते लक्षातही आले नव्हते.

आम्ही नवा सर्व्हर २०२२ च्या पावसाळ्यात, बकरी ईद होऊन बाजार थंडावल्यावर बसवला. मार्चअखेर किंवा दिवाळीच्या तोंडावर हे काम कोणी काढू नये. गुरुवारी रात्री जुना बंद केला, शुक्रवारच्या सुट्टीत डेटा हलवला, शनिवारी नव्यावर बिले सुरू केली आणि महिनाभर जुना तसाच बाजूला जोडून ठेवला. या वेळी वॉरंटी पाच वर्षांची घेतली. ती जुलै २०२७ मध्ये संपेल, म्हणून नव्या खरेदीसाठी २०२३ पासून दरमहा थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकतो, जशी मागाच्या मोटारीसाठी टाकतो. बॅकअप दोन डिस्कवर होतो, एक पेढीत आणि एक घरी. महिन्यातून एकदा दुसऱ्याच संगणकावर बॅकअप उघडून कोणत्या तरी एका गिऱ्हाइकाची बाकी पाहिली जाते आणि वहीत तारखेसह सही होते.

जुन्या यंत्राचे काय केले? भंगारवाला दारात आला होता, पण त्या डिस्कवर शेकडो व्यापाऱ्यांचे बँक खाते, पॅन आणि व्यवहार होते. तिन्ही डिस्क काढून लेथवाल्याकडून आरपार भोके पाडून घेतली. बाकीचे यंत्र सरकारमान्य ई-कचरा केंद्रात वजनावर दिले, आणि त्याची पावती मालमत्तेच्या नोंदीला लावली, म्हणजे ऑडिटच्या वेळी सर्व्हर कोठे गेला हे सांगावे लागत नाही.