जनुक चाचणी, विमा आणि आपली माहिती

एटीएमचा पिन दुसऱ्याला कळला तर तो लगेच बदलता येतो. जनुकांची माहिती बाहेर गेली तर ती बदलता येत नाही. शिवाय ती एकट्याची नसते. आपल्या मुलांविषयी आणि भावंडांविषयीही ती काही सांगते. लाळेच्या नमुन्यावरून आजारांची शक्यता सांगणाऱ्या चाचण्या आता घरबसल्या करता येतात. म्हणून काही गोष्टी समजून घ्या.

पैशांशी संबंध काय?

संबंध विम्याचा आहे. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार असलेल्या एका विमाधारकाचा दावा युनायटेड इंडिया इन्शुरन्सने 'जनुकीय आजार' म्हणून नाकारला. २६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने असे सरसकट कलम भेदभावाचे ठरवले. मार्च २०१८ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयनेही कंपन्यांना केवळ या कारणावरून दावे नाकारू नयेत, असे कळवले. मात्र विम्याच्या अर्जात चाचणीबद्दल विचारले असेल तर खरे उत्तर द्यावेच लागते. माहिती लपवली तर दावा अडकू शकतो.

माहिती कशी फुटते?

२०२३ मध्ये अमेरिकेतील 'ट्वेंटीथ्री अँड मी' या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीस गेली. चोरांनी थेट उघडली ती सुमारे १४ हजार खाती. त्या ग्राहकांनी इतरत्र वापरलेलाच पासवर्ड इथेही ठेवला होता. बाकीची माहिती 'नातेवाईक शोधा' या सोयीतून मिळाली. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ग्राहकांच्या माहितीचा साठाही विक्रीला निघाला.

काय करावे?

१. डॉक्टरांनी सांगितलेली चाचणी भीतीपोटी टाळू नका. केवळ हौसेची चाचणी असेल, तर आधी कुटुंबाचा आरोग्य विमा आणि मुदत विमा घ्या.

२. संमतिपत्रात तीन गोष्टी पाहा: नमुना किती काळ ठेवणार, माहिती कोणाला देणार आणि मागणी केल्यास ती पुसणार का. उत्तर सापडत नसेल तर सही करू नका.

३. या खात्याला बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड देऊ नका.

४. दावा नाकारला तर लेखी कारण मागा आणि आधी कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. त्यांचे एक कार्यालय नोएडातच आहे आणि तक्रारीला शुल्क नाही.