गिरणगावांची सुटी

इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात कापडगिरण्यांचे प्रत्येक गाव उन्हाळ्यात एक आठवडा जवळजवळ ओस पडत असे. या सुटीला 'वेक्स' म्हणत. मुळात ही गावच्या चर्चची वार्षिक जत्रा. गिरण्या आल्यावर तिला हे रूप आले. यंत्रे थांबत, बॉयलर साफसफाईसाठी थंड केले जात आणि एरवी धुराने झाकलेले आकाश तेवढ्यापुरते निवळे.

लोक जात ते बहुधा ब्लॅकपूलला. तेथे १८४६ साली रेल्वे पोहोचली होती. ओल्डहॅम, बर्नली, ब्लॅकबर्न यांचे आठवडे निरनिराळे असल्याने समुद्रकिनाऱ्यावर पाळीपाळीने एकेक गावच उतरे. गल्लीतील शेजारी तेथेही भेटत. पुष्कळ कुटुंबे शिधा स्वतः आणीत आणि खाणावळीची मालकीण तो शिजवून देई. मीठ-मिरीच्या भांड्यांचे ती वेगळे पैसे लावी, यावरचे विनोद लोक पुढे कितीतरी वर्षे सांगत.

या रम्य आठवणींतून एक गोष्ट सहसा गळते. ही सुटी दीर्घकाळ बिनपगारी होती. तिच्यासाठी वर्षभर बचत मंडळात पैसे साठवावे लागत. पगारी सुटीचा कायदा झाला तो १९३८ साली.

पहिल्या महायुद्धापूर्वी लँकेशायरच्या कापडाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होते. पुढे हिंदी गिरण्या वाढल्या, जपानचे स्वस्त कापड आले आणि ही बाजारपेठ हातची गेली. १९६० व १९७० च्या दशकांत उरलेल्या गिरण्याही भराभर बंद पडल्या. सुटीसाठी लोक विमानाने स्पेनला जाऊ लागले. काही गावांतील शाळा मात्र त्यानंतरही बरीच वर्षे वेक्सच्या जुन्या तारखांनाच बंद राहत.