पाकिटातील विषाणू

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतील एखाद्या चादरींच्या पेढीवर, दिवेलागणीच्या सुमारास हिशेबनीस दप्तर आवरू लागला असता, ‘थकीत बिल, तातडीने पाहावे’ अशा मथळ्याचा ईमेल येऊन पडतो. धाडणारा ओळखीचा वाटतो, आणि सोबतच्या फाइलीचे नाव ‘बिल.पीडीएफ’ असे दिसत असले, तरी त्यापुढील खरे शेपूट, ‘.ईएक्सई’, विंडोज प्रणाली आपल्या रिवाजाप्रमाणे झाकून ठेवते.

अशाच झाकल्या शेपटाचा लाभ मनिलात रचलेल्या व ४ मे २००० रोजी जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या विषाणूने घेतला. प्रेमपत्राच्या मिषाने तो उघडला जाताच छायाचित्रांच्या फाइली नासवी, आणि आउटलुकमधील प्रत्येक पत्त्यावर स्वतःची नक्कल रवाना करी. म्हणूनच ओळखीचे नाव ही सचोटीची सनद नव्हे.

सबब, प्रेषकाचा पत्ता अक्षरन्‌अक्षर वाचावा, शंका येताच उत्तर न धाडता दूरध्वनीवरून खातरजमा करावी, फाइलीत दडलेल्या आज्ञा जागवणारी ‘मॅक्रो चालू करा’ ही विनंती फेटाळावी, आणि दप्तराची एक प्रत संगणकापासून अलग ठेवलेल्या डिस्कवर राखावी. फाइल चुकून उघडलीच, तर प्रथम इंटरनेट तोडावे, दुसऱ्या निर्दोष यंत्रावरून पासवर्ड बदलावेत, मग अँटिव्हायरसकरवी झडती घ्यावी. आणि खात्यातून रक्कम गेली असल्यास बँकेस व सायबर-फसवणुकीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीस १९३० या क्रमांकावर विनाविलंब वर्दी द्यावी.

हुंडी वटवण्यापूर्वी सही निरखणाऱ्या जुन्या सराफाची नजर आजही तितकीच उपयोगी आहे. केवळ हुंडीचे रूप पालटले आहे.