महाविद्यालयाची ई-मेल घरच्या संगणकावर

आपल्या घरातील मूल बारावीनंतर बेळगावास अथवा निपाणीस शिकावयास गेले म्हणजे त्यास ओळखपत्राबरोबर महाविद्यालयाच्या नावाचा एक ई-मेलचा पत्ताही मिळतो. शुल्क भरण्याची मुदत, परीक्षेचे वेळापत्रक, शिष्यवृत्तीची सूचना, नोकरीसाठी येणाऱ्या कंपन्यांची पत्रे, हे सारे हल्ली पुष्कळदा त्याच पत्त्यावर येते. व्यापारी बंधूंपैकी बहुतेकांना या पत्त्याची खबरही नसते. आम्हांसही नव्हती.

आमच्या पुतण्याची हकीकत सांगतो. त्याने चार वर्षे अभियांत्रिकीचा अभ्यास केला. मार्गदर्शक प्राध्यापकांशी झालेला सारा पत्रव्यवहार त्या एका खात्यात होता. पदवी मिळाली, मुलगा नोकरीस लागला, आणि काही महिन्यांनी पुढील शिक्षणासाठी जुनी पत्रे हवी झाली, तेव्हा खाते बंद झाले होते. चूक कोणाची म्हणावी? विद्यार्थी बाहेर पडल्यावर खाते मिटविणे हा अनेक संस्थांचा नियमच असतो. पेढी उठविताना आपण वह्या घरी आणतो. मुलाच्या बाबतीत मात्र ते कोणास सुचले नाही.

यावर उपाय म्हणजे घरच्या संगणकावर ई-मेलचा स्वतंत्र कार्यक्रम बसविणे. असे कार्यक्रम अनेक आहेत. मोझिला या संस्थेच्या परंपरेतील थंडरबर्ड हा विनामूल्य असून त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ च्या डिसेंबरात निघाली. आम्ही तोच वापरतो, म्हणून पुढील विवेचन त्यास धरून आहे.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. टपाल आणण्याच्या दोन रीती आहेत. पॉप नावाची रीत १९८४ सालची. तीत गडी टपालकचेरीत जाऊन पत्रे दुकानी घेऊन येतो. तिकडे प्रत ठेवावयाची की नाही, हे आपण ठरवावयाचे. आयमॅप ही दुसरी रीत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये सिद्ध केली. हीत मूळ वही दूरच्या सर्व्हरवरच राहते व आपल्याकडे तिची नक्कल असते. येथे एक ओळ खोडली की तिकडेही ती खोडली जाते. मोबाईल, वसतिगृहातील संगणक व घरचा संगणक या तिन्ही ठिकाणी एकच हिशेब दिसावा अशी इच्छा असल्यास आयमॅपच निवडावी. पत्रे पाठविण्याचे काम एसएमटीपी नावाची तिसरी व्यवस्था करते.

आता प्रत्यक्ष मांडणी. महाविद्यालयाचा पत्ता संस्थेच्या नावाचा दिसला तरी त्यामागील व्यवस्था बहुधा गूगलची किंवा मायक्रोसॉफ्टची असते. ती कोणाची, हे मुलास विचारावे; ज्या पानावर तो पत्रे वाचतो त्यावरून ते कळतेच. थंडरबर्ड उघडल्यावर नाव व संपूर्ण पत्ता भरावा. पुढील तपशील कार्यक्रम बहुधा स्वतःच शोधून काढतो. न सापडल्यास हाताने भरावा. गूगलसाठी आवक सर्व्हर आयमॅप डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ९९३. जावक एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ४६५. मायक्रोसॉफ्टसाठी आवक आउटलुक डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम, पोर्ट ९९३. जावक एसएमटीपी डॉट ऑफिस३६५ डॉट कॉम, पोर्ट ५८७.

पुष्कळांचे अडते ते याच्या पुढे. पासवर्ड अचूक असूनही "प्रवेश नाही" असे उत्तर येते आणि माणूस तोच पासवर्ड पुनःपुन्हा भरीत बसतो. कारण असे की, मायक्रोसॉफ्टने २०२२ च्या ऑक्टोबरपासून आणि गूगलने संस्थांच्या खात्यांसाठी २०२५ साली, केवळ नेहमीच्या पासवर्डावर टपाल उघडून देण्याची जुनी पद्धत बंद केली. म्हणून प्रमाणीकरणाच्या रकान्यात 'ओऑथ२' हा पर्याय निवडावा. मग गूगलची किंवा मायक्रोसॉफ्टची स्वतःची खिडकी उघडते. पासवर्ड तेथेच द्यावयाचा. मोबाईलवर येणारा संकेतांकही तेथेच. हे काम मुलाने स्वतः करावे हे उत्तम. खाते त्याचे आहे, आणि वडिलांनी मुलाची पत्रे वाचीत बसावे हा या लेखाचा हेतू नव्हे.

कधी "व्यवस्थापकाची संमती हवी" असा संदेश दिसतो, तर कधी आयमॅपच बंद असते. अशा वेळी घरी खटपट करून उपयोग नाही; दार महाविद्यालयाने लावलेले असते. तेथील संगणक विभागाकडे विनंती करावी. फोनवर किंवा ई-मेलने कोणी आपण होऊन पासवर्ड किंवा संकेतांक मागेल, तर तो मात्र मुळीच देऊ नये.

गूगलच्या खात्यात 'ऑल मेल' नावाचे एक फोल्डर दिसेल. त्यात तीच पत्रे पुन्हा आढळतात. ती जादा समजून पुसू नयेत. मराठी पत्राविषयीही एक सूचना: दुकानाच्या बिलांसाठी आपण वापरतो ते जुने टंक ई-मेलमधून गेल्यास पलीकडे निरर्थक अक्षरे उमटतात. युनिकोडमध्ये लिहिल्यास मराठी व कन्नड दोन्ही नीट पोहोचतात.

सर्वांत महत्त्वाचे काम यानंतरचे. आयमॅपची नक्कल मूळ वहीस बांधलेली असल्यामुळे मूळ वहीतील पाने गेली की तीही जाऊ शकतात. यास्तव खाते चालू असतानाच हवी ती पत्रे निवडून 'लोकल फोल्डर्स' या भागात त्यांची प्रत करावी. हलवू नये, प्रतच करावी. तो भाग केवळ आपल्या संगणकावर असतो. पुढे थंडरबर्ड बंद करून त्याचे प्रोफाइल फोल्डर एखाद्या बाह्य डिस्कवर उतरवून ठेवावे.

पुतण्याची धाकटी बहीण सध्या तिसऱ्या वर्षास आहे. रविवारी ती उचगावास येते, तेव्हा दुकान बंद करून आम्ही आठवड्याचा मेळ घालतो आणि शेजारच्या टेबलावर ती आपली पत्रे उतरवून घेते. दोन्ही डिस्का एकाच कपाटात असतात.